संस्थांतर्गत बालसुरक्षा : ठाणे व नवी मुंबई परिसर

संस्थांतर्गत बालसुरक्षा : मुलांसाठी किंवा मुलांच्या सतत संपर्कात काम करणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसांकडून, आपल्याच जागेत किंवा आपल्याच उपक्रमातून मुलांना इजा होऊ नये म्हणून उभी केलेली व्यवस्था. शाळा, पाळणाघर, बालगृह, आश्रमशाळा, खासगी क्लास, क्रीडा अकादमी, रुग्णालय, धार्मिक संस्था, स्वयंसेवी संस्था अशी सगळी ठिकाणे तिच्या कक्षेत येतात. इजा म्हणजे केवळ लैंगिक अत्याचार नव्हे. मारहाण, चारचौघांत अपमान, उपाशी ठेवणे, दुर्लक्ष, मुलांकडून कामे करून घेणे आणि त्यांचे फोटो वाटेल तसे वापरणे हेही त्यात धरले जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १९ व्या कलमाने मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण देण्याची जबाबदारी शासनांवर टाकली. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. संस्थांनी स्वतःकडे वळून पाहण्याला जोर आला तो २००२ नंतर. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथील निर्वासित छावण्यांत मदतकार्य करणाऱ्यांकडूनच मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे त्या वर्षी एका अहवालातून पुढे आले आणि भल्या कामाला आलेला माणूस भलाच असणार हे गृहीतक मोडले. आपल्याकडे ते अजून पुरते मोडलेले नाही. देणगीदार, कीर्तनकार, निवृत्त शिक्षक, प्रशिक्षक यांच्याविषयी चौकशी करणे आजही अनेक विश्वस्तांना उद्धटपणा वाटतो.

कायदेशीर चौकट

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक ठरते. शाळा, रुग्णालय, धार्मिक संस्था किंवा मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेतील माणसाने गुन्हा केला, तर तो गंभीर स्वरूपाचा मानून जास्त शिक्षा दिली जाते. संस्थांच्या दृष्टीने कळीचे कलम १९ वे. गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

राजुरा (जि. चंद्रपूर) येथील शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवणे हा गंभीर अपराध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले. त्या खटल्यात न कळवल्याचा आरोप डॉक्टरवर होता, ही बाब वसतिगृहांना सेवा देणाऱ्या डॉक्टरांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी आणखी दोन गोष्टी जोडल्या. मुलांच्या नियमित संपर्कातील संस्थेने शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची. तसेच राज्य शासनाने हिंसेला अजिबात थारा न देणारे बालसंरक्षण धोरण आखायचे आणि मुलांसोबत काम करणाऱ्या सर्व संस्थांनी ते स्वीकारायचे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलांची निवासी काळजी घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. मुलांना क्रूर वागणूक देणारा संस्थेचाच कर्मचारी असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे.

परिसराचे वेगळेपण

पालघर वेगळा झाल्यानंतर (१ ऑगस्ट २०१४) ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले, पण मुलांच्या संस्थांचे इतके प्रकार एका जिल्ह्यात क्वचितच सापडतात. शहापूर आणि मुरबाडमध्ये वारली, कातकरी, ठाकर मुलांच्या निवासी आश्रमशाळा. भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतील वर्ग. ठाणे, डोंबिवली, ऐरोली, नेरुळ येथे इमारतीगणिक क्लास आणि पाळणाघरे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून रस्त्यावर, सिग्नलजवळ राहणाऱ्या मुलांची सिग्नल शाळा भरते. वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करते. एकच छापील धोरण या सर्वांना पुरत नाही. पुलाखालच्या शाळेला बंगल्यासारखे फाटक असत नाही. शौचाला नेताना, कपडे बदलताना मोठ्यांची मदत लागणाऱ्या मुलांच्या केंद्रात ‘मुलांना स्पर्श करू नये’ हे वाक्य निरुपयोगी आहे. तिथे मदत कोण करेल, दार किती उघडे राहील, दुसरे कोण हजर असेल हे लिहावे लागते.

नवी मुंबईत हद्दीचा घोळ वेगळाच. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगडात; पोलीस आयुक्तालय मात्र एकच. त्यामुळे तक्रार नवी मुंबई पोलिसांकडे जाते आणि कळंबोलीचे मूल रायगडच्या बालकल्याण समितीपुढे (बाल न्याय कायद्याखालील जिल्ह्याची समिती) हजर करायचे असते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल समितीपुढे नेण्याची मुदत, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांची आहे. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांचे व जिल्हा बाल संरक्षण कक्षांचे क्रमांक संस्थेच्या भिंतीवर असावेत.

या पट्ट्यातील घटनांनीच कायदा वाचायला लावला. पनवेलजवळच्या एका निवासी संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचारांबद्दल मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संचालकासह इतरांना दोषी ठरवले. ऑगस्ट २०२२ मध्ये सीवूड्स येथील विनानोंदणी निवासस्थानातून मुलांना हलवण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. संशयित हा त्याच महिन्यात कंत्राटी कामावर लागलेला सफाई कामगार होता. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि घटना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला, त्यामुळे त्याच्यावरील आरोप खटल्यात तपासले गेलेच नाहीत. शाळांतील सुरक्षेचे उपाय सुचवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली.

पगारपत्रकाबाहेरची माणसे

धोरण बहुधा शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जाते. मुलाजवळ एकटे असण्याची संधी मात्र ठेकेदाराचा सफाई कामगार, व्हॅनचा चालक, सुट्टीपुरता आलेला कबड्डी प्रशिक्षक, आधारकार्डाच्या शिबिराला आलेला माणूस यांनाही मिळते. ठेकेदार बदली माणूस पाठवतो तेव्हा पडताळणी आधीच्या माणसाची असते. करारात ‘पडताळणी झालेल्या नावाखेरीज दुसरा येणार नाही’ असे कलम घालणे आणि रोज सकाळी फाटकावर नाव जुळवणे हा साधा उपाय आहे, पण तो पाळणारी ठिकाणे थोडी. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यालाही मर्यादा आहे. ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदला नाही त्याचा दाखला कोराच येतो, म्हणून आधीच्या नोकरीच्या ठिकाणी फोन करून विचारणे अधिक कामाचे. वाहतुकीसाठी २०११ चे राज्याचे स्कूल बस नियम आहेत. त्यांत शाळेची परिवहन समिती व बसमधील मदतनीस यांची तरतूद आहे. पालकांनी परस्पर ठरवलेल्या रिक्षा याच नियमांच्या कडेने धावतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांचे कर्मचारी एका दिवसापुरते वस्तीशाळेत येतात. वाढदिवस किंवा वर्षश्राद्धाला आश्रमात जेवण देणारी कुटुंबेही येतात. त्यांना मुलांच्या खोल्यांत एकटे जाऊ न देणे, मोबाइल क्रमांक देऊ-घेऊ न देणे आणि जेवणाच्या ताटासह मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू न देणे हे नियम आधीच सांगावे लागतात. बालगृहातील मुलाची ओळख उघड करणे हा तर बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. देणगीदार दुखावेल, या धास्तीने नेमके हेच नियम पहिल्यांदा सैल होतात.

कळल्यानंतर

मूल बहुतेक वेळा शिक्षकांना किंवा अध्यक्षांना सांगत नाही. मावशीला, मैत्रिणीला, आजोबांना सांगते, तेही आडून. चार वर्षांचे मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणार नाही, आणि कातकरी वाडीतून आलेल्या मुलीला पुस्तकी मराठीतला फलक आपला वाटणार नाही. ज्याच्या कानावर पडले त्याने ऐकून घ्यावे, उलटतपासणी करू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ घालून लिहावेत आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. १०९८ ही बालमदत सेवा (मुंबईत १९९६ साली सुरू झालेली) दिवसरात्र चालते, पण तिथे फोन केला म्हणून पोलिसांना कळवण्याची जबाबदारी संपत नाही.

इथे एक गल्लत वारंवार होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या अंतर्गत समितीकडेच मुलाची तक्रार सोपवली जाते. त्या समितीला चौकशीसाठी ९० दिवस असतात आणि तक्रारदार महिलेची इच्छा असेल तर समेटाची वाटही असते. मुलाच्या बाबतीत यातले काहीच चालत नाही. ‘आधी आपण शहानिशा करू, मग बघू’ हे वाक्य संस्थेच्या नावाच्या काळजीपोटी उच्चारले जाते आणि तेवढ्यात सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाते, कपडे धुतले जातात, मुलाला दहा जणांसमोर तेच पुन्हा सांगावे लागते. पोलिसांना कळवण्याबरोबर संस्थेने त्या दिवशी करायचे ते इतकेच : संबंधित माणसाला मुलांपासून दूर करणे, चित्रण व हजेरीपट जपून ठेवणे, पालकांना सांगणे.

पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेशाविना, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो; मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाला संस्थेनेच पोलीस ठाण्यात नेऊन बसवण्याची प्रथा त्यामुळे अनावश्यक आहे. तपास व खटल्याच्या काळात बालकल्याण समिती मुलाला आधार देणारी सहायक व्यक्ती नेमू शकते, आणि कायद्याची अपेक्षा खटला शक्यतो एका वर्षात संपावा अशी आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तोवर कुटुंब घर बदलते, मुलाची शाळा बदलते, आणि जुन्या शाळेने दाखला व गुणपत्रक विनाविलंब दिले की नाही यावर मुलाचे ते वर्ष वाचते किंवा बुडते.