एका सेकंदाच्या पलीकडचा खटका

लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मच्या, कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतीची शटरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेची, कडी फिरवून पाहा. ५००, २५०, १२५ असे सेकंदाच्या अंशांचे आकडे उतरत उतरत १ वर येतात आणि तिथे थांबतात. पुढे उरतात दोन अक्षरं, बी आणि टी: बी वर खटका दाबून धराल तोवर शटर उघडं, टी वर एकदा दाबलं की उघडं, परत दाबलं की बंद. एका सेकंदापर्यंतचा हिशेब यंत्राने सांभाळायचा, त्यापुढचा आपण. गंमत अशी, की चार बाय पाच इंची फिल्मवर लेन्सचं छिद्र एफ/३२ इतकं आवळून (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) संध्याकाळचं दृश्य टिपणाऱ्याला बहुतेक वेळा हा पुढचाच भाग लागतो. आणि त्या वेळी हाताशी असतं मनगटी घड्याळ, नाहीतर तोंडातल्या तोंडात मोजलेले आकडे. लोक शटरला जोडायचा इलेक्ट्रॉनिक टायमर घरी बनवायला घेतात ते याचसाठी. पण शटर एका सेकंदावरच का थबकलं?

सुरुवातीला शटर नावाची वस्तूच नव्हती. १८३९ साली लुई दागेरचं धातूच्या प्लेटवर फोटो उमटवण्याचं तंत्र जाहीर झालं तेव्हा एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, मिनिटांत मोजलं जाई. लेन्सवरचं झाकण काढायचं, घड्याळाकडे बघत राहायचं, झाकण परत लावायचं. १८४० मध्ये जोसेफ पेट्झवालची एफ/३.६ ची, भरपूर प्रकाश घेणारी लेन्स आली आणि पोर्ट्रेटचा वेळ बराच खाली आला. १८५१ च्या ओल्या कलोडियन प्लेटने तो सेकंदांवर आणला. तोवर हाताने भागत होतं. खरी पंचाईत केली ती कोरड्या जिलेटिन प्लेटांनी. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये ती कल्पना मांडली आणि ते दशक संपता संपता प्लेटा इतक्या चपळ झाल्या, की उजेडात सेकंदाचा छोटासा अंशही पुरू लागला. इतक्या वेगाने झाकण काढून लावणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मग लेन्ससमोर वजनाने खाली पडणाऱ्या फळ्या आल्या, गुंडाळीवरचे कापडी पडदे आले, पुढे आपसात सरकणाऱ्या धातूच्या पात्या आल्या. हे शटर सोडायला रबरी नळी आणि तिच्या टोकाला रबरी फुगा असे. फुगा दाबला की हवा नळीतून जाऊन दट्ट्या ढकलायची. जोवर दाबून धराल तोवर शटर उघडं. कडीवरचं बी हे अक्षर त्या फुग्याच्या इंग्रजी नावातलं, ‘बल्ब’मधलं. फुगा कधीच गेला, अक्षर राहिलं. त्याची जागा घेतली केबल रिलीजने, म्हणजे लवचीक वेटोळ्यातून जाणाऱ्या तारेने. माझ्या मते त्यात थोडं नुकसानच झालं. हवेचा दाब मऊ असतो, तारेचा धक्का थेट कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीला बसतो.

विजेने शटर सोडणं ही आजची गोष्ट वाटते, पण ती या सगळ्यात बरीच आधी येऊन गेली. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर, छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १२ कॅमेरे एका ओळीत मांडले. घोड्याच्या वाटेत आडवे दोरे होते. दोरा ताणला गेला की सर्किट पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक खटका ओढायचा आणि शटरच्या फळ्या सुटायच्या. म्हणजे विजेने खटका ओढायची युक्ती जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे. फक्त मायब्रिजला हवा होता क्षण. किती वेळ उघडं ठेवायचं हे वीज ठरवत नव्हती.

ते काम नंतर घड्याळजींच्या कलेकडे गेलं. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलच्या कंपाउंड शटरमध्ये वेळ ठरायची हवेने: छोट्या नळीतला दट्ट्या हवेच्या अडसरामुळे सावकाश सरकायचा, तोवर पात्या उघड्या. १९१२ च्या सुमारास त्याच कारखान्यातून काँपूर आलं. कंपाउंड आणि घड्याळासाठीचा जर्मन शब्द ‘ऊर’ यांची ती जोडणी. हवेच्या जागी दातेरी चक्रांची गाडी आली आणि शेवटच्या चक्राचे दाते अडवत सोडत त्याचा वेग रोखणारा, जहाजाच्या नांगराच्या आकाराचा, घड्याळासारखा तुकडा. ही रचना इतकी जमून गेली, की पुढे जपानी कोपलच्या ०, १ आणि ३ क्रमांकांच्या शटरांपर्यंत मूळ कल्पना तीच राहिली. कोपल ० चा सर्वात जलद वेग १/५००, आणि थोराड ३ क्रमांकाचा १/१२५. सर्वात मंद मात्र तिन्हींचा एकच: १ सेकंद.

तिथेच का थांबलं, हे एखादं उघडलेलं शटर पाहिलं की लक्षात येतं. लेन्सच्या भोकाभोवती जी बोटभर रुंदीची कडी उरते, तिच्यात कमान, चक्रं, पात्या, फ्लॅशचे संपर्क सगळं कोंबलेलं असतं. आणखी मंद वेग हवा तर आणखी चक्रं हवीत, आणि प्रत्येक चक्र त्या इवल्या कमानीची ताकद खातं. शिवाय जाहिरातीत मिरवायचा आकडा १/५०० चा असतो. तीस सेकंद कोण मिरवणार? अपवाद होते. लेन्सच्या मागे बसणारं सिनार-कोपल शटर आठ सेकंदांपर्यंत जायचं. केबल रिलीजच्या जागी स्क्रूने बसवायची, चावीवर चालणारी ऑटोक्निप्ससारखी चिमुकली यंत्रंही मिळत. पण मुख्य वाटेवर फट राहिली ती राहिलीच.

आणि नेमकी तिथेच गणितं अवघड होतात. समजा प्रकाश मोजणारा मीटर म्हणतोय २ सेकंद. वस्तू जवळची आहे, म्हणून १५० मिमी लेन्ससाठी लेन्स आणि फिल्म यांच्यामधला भाता ३०० मिमीपर्यंत ताणलाय. अंतर दुप्पट म्हणजे प्रकाश चौथाई, म्हणजे ८ सेकंद. मग येतो कार्ल श्वार्झशिल्डचा नियम. कृष्णविवरांच्या गणितासाठी ओळखला जाणारा हा माणूस १८९० च्या दशकाअखेर व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या प्लेटा मोजत होता. मंद प्रकाशात फिल्म आळसावते, वेळ दुप्पट केली तरी परिणाम दुप्पट होत नाही, हे त्याने वेळेला घातांक लावून सूत्रात बसवलं. घातांक ०.८ धरला तर आपल्या ८ सेकंदांचे होतात साधारण साडेतेरा. हे सगळं थंडीत, डोक्यावर काळं फडकं घेऊन करायचं आणि मग ‘एक, दोन, तीन’ मोजायचं. टायमरमध्ये हे गणित बसवता येतं हा माझ्या लेखी त्याचा खरा फायदा, मोजणं त्यानंतर.

मोजण्याचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सने केव्हाच निकालात काढला. १९६३ च्या पोलरॉइड ऑटोमॅटिक १०० मध्ये ट्रान्झिस्टरचं शटर होतं: प्रकाशानुसार कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, भरायचा, भरला की शटर बंद. १९७२ मध्ये हान्स कामेनझिंडने रचलेली ५५५ चिप बाजारात आली आणि हौशी लोकांच्या हाती टायमरच पडला. रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराला १.१ ने गुणा, झाली वेळ. एक मेगओम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर ११० सेकंद. कागदावर. प्रत्यक्षात मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असतात आणि वर गळतात. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झालं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा मनगटी घड्याळातला स्फटिक कुणालाही मिळू लागला, आणि वेळेची चूक फोटोच्या दृष्टीने शून्यावर आली.

अडचण उरली ती शेवटच्या काही मिलिमीटरची, म्हणजे दट्ट्या दाबण्याची. मी पहिल्यांदा सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की लोखंडी गाभा आत ओढणारी तारेची गुंडाळी, लावला, कारण सगळे तोच लावतात. सोलेनॉइडचा स्वभाव असा, की गाभा आत जाईल तसं बळ वाढत जातं. सगळा जोर शेवटी, ठोक्यासारखा. एका सेकंदाच्या निगेटिव्हवर भिंग ठेवून पाहिलं तर पाण्याकाठच्या काटक्यांना दुहेरी कडा होत्या. शिवाय बी वर तो पूर्ण वेळ वीज पीत राहतो आणि तापतो. टी वर ठेवलं तर उघडायला एक टिचकी, मिटायला दुसरी, एवढ्यावर भागतं. पण मध्येच बॅटरी बसली तर शटर सताड उघडं. तोडगा म्हणून लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरला, शटर उघडलं, थरथर थांबू दिली आणि मग पुठ्ठा बाजूला केला. सगळी तारांची जंजाळं करून पुन्हा दागेरच्या झाकणापाशीच आलो होतो.

खेळण्यातल्या विमानांचा छोटा सर्व्हो, म्हणजे सांगू त्या कोनात हात फिरवणारी मोटर, त्याहून बरा निघाला. त्याला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा स्पंद द्यायचा; स्पंदाची लांबी सावकाश वाढवत नेली की हात केबल रिलीज हळुवार दाबतो. त्याला वेळ लागतो हे खरं, पण उघडताना आणि मिटताना साधारण तेवढाच, त्यामुळे बरंचसं वजा होऊन जातं. राहिलेली ३० मिलिसेकंदांची चूक चार सेकंदांत एक टक्काही नाही, आणि फिल्मवर एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) म्हणजे तब्बल २६ टक्के. तीच चूक १/६० ला अख्ख्या एक्सपोजरपेक्षा मोठी ठरेल. म्हणून जलद वेग मी शटरच्या चक्रांकडेच ठेवले आहेत.

मोजणी सुरू कुठून करायची याचं उत्तर शटरवरच होतं. पात्या पूर्ण उघडल्या की फ्लॅशचा संपर्क जोडला जातो, बी आणि टी वरसुद्धा. आता फ्लॅशच्या त्या खोबणीतून दोन तारा टायमरकडे येतात आणि सर्व्हो कितीही रेंगाळला तरी पहिला सेकंद पात्या उघडल्यावरच सुरू होतो.