गॅबी लुईस

गॅबी लुईस (जन्म : 27 मार्च 2001, डब्लिन) ही आयर्लंडच्या महिला क्रिकेट संघाची सलामीची फलंदाज. 2024 मध्ये तिच्याकडे संघाचे कर्णधारपद आले. ती उजव्या हाताने खेळते, क्वचित लेगस्पिनही टाकते. हौशी खेळापासून व्यावसायिक करारापर्यंतचा आयर्लंडच्या महिला क्रिकेटचा सगळा प्रवास तिच्या एकट्या कारकिर्दीत पाहायला मिळतो. त्यामुळे नुसती धावसंख्या पाहून तिचे मोल कळत नाही.

घरात क्रिकेट होतेच. आजोबा इयन आणि वडील ॲलन दोघेही आयर्लंडकडून खेळले. ॲलन यांनी संघाचे नेतृत्व केले आणि पुढे रग्बीचे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नाव मिळवले. बहीण रॉबिन हीसुद्धा देशाकडून खेळली. डब्लिनचा वायएमसीए हा गॅबीचा क्लब.

सप्टेंबर 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या टी-20 सामन्यात तिने पदार्पण केले, तेव्हा तिचे वय होते 13 वर्षे 166 दिवस. एकविसाव्या शतकात जन्मून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळणारी ती पहिलीच खेळाडू. इतक्या लहान मुलीला मैदानात उतरवावे लागले, यामागे तिची गुणवत्ता जशी होती, तशीच आयर्लंडमधली खेळाडूंची टंचाईही होती, हे मान्य करायला हवे.

मधली वर्षे संघाला जड गेली. जून 2018 मध्ये वायएमसीएच्याच मैदानावर एकदिवसीय सामन्यात न्यूझीलंडने 4 बाद 490 धावा कुटल्या आणि आयर्लंड 346 धावांनी हरले. त्याच वर्षीच्या टी-20 विश्वचषकानंतर इसोबेल आणि सिसिलिया या जॉइस भगिनी, क्लेअर शिलिंग्टन आणि किआरा मेटकाफ अशा चौघी अनुभवी खेळाडू एकदमच निवृत्त झाल्या. 2020 मध्ये अष्टपैलू किम गार्थ व्यावसायिक कराराच्या ओढीने ऑस्ट्रेलियाला गेली आणि पुढे त्याच देशाकडून खेळू लागली. तिला दोष देता येणार नाही, कारण आयर्लंडमध्ये खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळू लागले ते 2022 पासून. तोवर आघाडीच्या फळीचा भार विशीच्या आसपासच्या लुईसवर येऊन पडला होता.

ऑगस्ट 2021 मध्ये स्पेनमधल्या टी-20 विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत जर्मनीविरुद्ध नाबाद 105 धावा करून टी-20 आंतरराष्ट्रीय शतक ठोकणारी ती पहिली आयरिश महिला ठरली. प्रतिस्पर्धी दुबळा होता, ही शंका तीन वर्षांनी फिटली. ऑगस्ट 2024 मध्ये डब्लिनला तिने श्रीलंकेविरुद्ध 75 चेंडूंत 119 धावा केल्या आणि आयर्लंडने तो सामना सात धावांनी जिंकला. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये लाहोरला पाकिस्तानविरुद्धच्या निर्णायक तिसऱ्या टी-20 सामन्यात तिने 71 धावा केल्या होत्या. ती मालिका आयर्लंडने 2-1 अशी जिंकली. सप्टेंबर 2024 मध्ये बेलफास्टला पावसाने 22 षटकांवर आणलेल्या एकदिवसीय सामन्यात तिच्या 72 धावांच्या जोरावर आयर्लंडने इंग्लंडला हरवले, हा या संघाच्या इतिहासातला मोठाच दिवस.

भारतीय प्रेक्षकांना मात्र तिच्या दोन पराभवातल्या खेळी आठवतील. फेब्रुवारी 2023, टी-20 विश्वचषक, दक्षिण आफ्रिकेतले गेबेऱ्हा. सांगलीच्या स्मृती मानधनाने 87 धावा करून भारताला 155 पर्यंत नेले. उत्तरादाखल पहिल्याच षटकात आयर्लंडचे दोन बळी गेले. लुईस डगमगली नाही. कर्णधार लॉरा डेलनीच्या साथीने तिने 25 चेंडूंत नाबाद 32 धावा केल्या. 8.2 षटकांत 2 बाद 54 असताना पाऊस आला आणि अशा अर्धवट राहिलेल्या सामन्याचा निकाल ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस-स्टर्न नियमाने आयर्लंड अवघ्या पाच धावांनी मागे राहिले. भारत उपांत्य फेरीत गेला.

दुसरी खेळी राजकोटच्या एकदिवसीय सामन्यातली, 10 जानेवारी 2025 ची. कर्णधार म्हणून आलेल्या लुईसचा संघ 4 बाद 56 असा कोसळला होता. तिने एक बाजू लावून धरली आणि लिआ पॉलबरोबर शतकी भागीदारी केली. दीप्ती शर्माने स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल टिपला, तेव्हा लुईस 92 वर होती. आयर्लंडने 238 पर्यंत मजल मारली, पण प्रतिका रावलच्या 89 आणि पुण्याच्या तेजल हसबनीसच्या नाबाद 53 धावांपुढे ती धावसंख्या अपुरी पडली. मालिकेच्या अखेरच्या सामन्यात भारताने 5 बाद 435 धावा केल्या आणि आयर्लंड 304 धावांनी हरले. बलाढ्य संघांविरुद्ध सातत्याने धावा करणाऱ्या आणखी दोन-तीन फलंदाज तिच्या जोडीला उभ्या राहणे, ही या संघाची आजची खरी गरज आहे.