गावठी कुत्रं शिकत नाही? कोण म्हणतं!

"गावठी कुत्रं काय शिकते बाप्पा! शिकवाचं असन तं लॅब्रेडॉर आण." यवतमाळकडच्या आमच्या पारावर हे लहानपणापासून ऐकतोय. साफ चूक आहे.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या, कधीच काही न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवलं. २०२० साली निष्कर्ष छापून आला: जवळ यायलाच बिचकलेली सोडली, तर सुमारे ८० टक्के कुत्री दाखवलेल्याच भांड्याकडे गेली. म्हणजे अडचण अकलेची नाही, भीतीची. दगड खाऊन वाढलेलं कुत्रं बिचकणारच की.

हे झालं आपलं त्याला कळणं. बाहेर जायचंय हे त्यानं आपल्याला सांगावं, तेही जमतं. बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी त्याच्या नाकापुढे धरा. हुंगताना नाक लागून ती वाजली, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा. उशीर केला तर तुकडा कशाबद्दल मिळाला, हे त्याला उमगत नाही. (कांदा लागलेला तुकडा नको, कांदा कुत्र्याला बाधतो.) रोज पाच-सात मिनिटं पुरे. मग घंटी फाटकाला त्याच्या नाकाच्या उंचीवर बांधा, आणि वाजली की तुकड्याऐवजी फाटक उघडा.

आमचा काळू दोन आठवड्यांत शिकला. आता मध्यरात्रीही घंटी वाजते. बऱ्याचदा बाहेर रानडुक्कर वगैरे काही नसतं, साहेबांना नुसतं फिरायचं असतं.