नॉर्मल डिलिव्हरी : कळांपासून वार पडेपर्यंत

नॉर्मल डिलिव्हरी म्हणजे ३७ ते ४२ आठवड्यांच्या मधे कधीतरी आपोआप कळा सुरू होऊन, डोकं खाली असलेलं बाळ योनीमार्गाने बाहेर येणं आणि मागोमाग वार (प्लॅसेंटा) पडणं. डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून काढलेली असते, नेमकं त्याच दिवशी फार थोडी बाळं जन्मतात.

खोट्या कळा अनियमित असतात, थोडं चाललं किंवा पडून राहिलं की विरतात. खऱ्या कळा बहुतेक वेळा कमरेतून पोटाकडे येतात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे गर्भपिशवीचं तोंड मऊ पडतं, ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे पिशवी आवळते, बाळाचं डोकं त्या तोंडावर दाबलं की मेंदूकडून आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, मग कळ आणखी जोरात, असं ते चक्र बाळ बाहेर पडेपर्यंत चालू राहतं. बाई घाबरली की भीतीचं हार्मोन अ‍ॅड्रेनलिन वाढून कळा मंदावू शकतात, म्हणून सोबत ओळखीचं माणूस असणं हे नुसतं लाडाचं प्रकरण नाही.

पहिली अवस्था सगळ्यात लांब. प्रत्येक कळेला पिशवीच्या वरच्या भागातले स्नायू आखडतात आणि कळ गेली तरी पूर्ववत लांब होत नाहीत, थोडे आखूडच राहतात, त्यामुळे खालचं तोंड हळूहळू वर ओढलं जातं, पातळ होतं आणि १० सेंमीपर्यंत उघडतं. पहिले ४-५ सेंमी अगदी सावकाश, पहिलटकरणीला यात अख्खी रात्र सहज जाते. पूर्वी तासाला १ सेंमी हा हिशोब धरायचे, त्याचं मूळ १९५० च्या दशकातल्या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांच्या आलेखात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मधे सांगितलं की ५ सेंमीनंतरच खरा वेग धरायचा, आणि त्यानंतरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळाचे ठोके ठीक असतील तर नुसत्या घड्याळाकडे बघून घाई करू नये, आणि नातेवाईकांनी दर अर्ध्या तासाने "अजून किती?" विचारू नये हे माझ्याकडून.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की दुसरी अवस्था. आता आपोआप जोर लावावासा वाटतो. त्याआधीच जोर लावला तर दमणूक होते आणि पिशवीच्या तोंडाला सूजही येऊ शकते. बाळ सरळ घसरत येत नाही. डोकं कटीत, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत, साधारण आडवं शिरतं, हनुवटी छातीला टेकते म्हणजे सगळ्यात कमी, सुमारे ९.५ सेंमी व्यासाचा भाग पुढे येतो, मग डोकं वळून बाळाचा चेहरा आईच्या पाठीकडे होतो, मान मागे होत डोकं बाहेर येतं आणि परत एका बाजूला वळून खांदे सुटतात. कवटीची हाडं जुळलेली नसल्याने एकमेकांवर सरकतात, म्हणून काही बाळांची डोकी जन्मतः लांबट दिसतात, काही दिवसांत ती आपोआप गोल होतात. यालाही पहिल्या वेळी ३ तास लागू शकतात.

बाळ रडलं की घरचे पेढे आणायला पळतात, पण आईसाठी धोक्याचा काळ यानंतरचा, कारण जगभर बाळंतिणी दगावण्यामागे अतिरक्तस्राव हे सगळ्यात मोठं कारण आहे. वार साधारण अर्ध्या तासात पडते. ती सुटते तिथल्या रक्तवाहिन्या पिशवीचे आडवेउभे स्नायूच आवळून बंद करतात, आणि पिशवी ढिली राहिली तर रक्त वाहतच राहतं. म्हणून बाळ होताच आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, पोटावरून पिशवी कडक आहे का बघतात, वार अख्खी आली का तपासतात. नाळ लगेच न कापता किमान मिनिटभर थांबलं तर बाळाला जास्त रक्त आणि लोह मिळतं. पहिल्या तासात बाळाला अंगावर घेतलं की चीक मिळतोच, शिवाय चोखण्यामुळे आईचं ऑक्सिटोसिन वाढून पिशवी आवळते, म्हणूनच दूध पाजताना पोटात कळ येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणींना ती जास्त जाणवते.