शेल ऑइल आणि ऑइल शेल: गोंधळ कुठून आला

पहिला घोळ आपल्या लिपीतच होतो. शेल हा चिखलाचे थर दाबले जाऊन झालेला खडक. देवनागरीत हा खडकही शेल आणि शिंपल्याच्या खुणेचे पंप चालवणारी कंपनीही शेल, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. या खडकाला मराठीत पंकाश्म म्हणावं तर चिखलाचाच पण पापुद्रे न सुटणारा जो मडस्टोन, त्यालाही काही जण पंकाश्मच म्हणतात. पापुद्रे सुटणं हीच तर शेलची ओळख. महाराष्ट्रात बहुतेक सगळा बसाल्ट, शेल सापडतो तो चंद्रपूर-वणी भागात कोळशाच्या थरांच्या मधेमधे.

पण खरा गुंता ऑइल शेल आणि शेल ऑइलचा आहे. ऑइल शेलमधे तेल जवळपास नसतंच. केरोजेन असतं, म्हणजे जमिनीखाली पुरेशी उष्णता न मिळाल्यामुळे तेल व्हायचं राहून गेलेला माल. तो दगड खणून काढायचा, ५०० अंशांच्या आसपास तापवायचा, मग तेल सुटतं, आणि जुन्या काळी शेल ऑइल म्हणायचे ते या भट्टीतल्या तेलाला. स्कॉटलंडमधे १८५० च्या दशकात हा धंदा सुरू झाला, १९६२ ला बंद पडला, एडिंबराच्या पश्चिमेला भाजलेल्या दगडाच्या लालसर टेकड्या अजून उभ्या आहेत. एस्टोनियाने तर दगडच वीजकेंद्रात जाळला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर मोठी धावपळ झाली आणि २ मे १९८२ ला एका कंपनीने आपला प्रकल्प अचानक बंद केला, २,००० च्या वर लोकांचं काम गेलं. बरं, तिथला दगडही बराचसा मार्ल, म्हणजे चुना मिसळलेला गाळ, शेल नाहीच.

आता बातम्यांमधलं शेल ऑइल म्हणजे वेगळीच गोष्ट. इथे तेल आधीच तयार आहे पण घट्ट दगडात अडकलंय, म्हणून खोल विहीर आडवी वळवून पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने सोडतात आणि दगडाला भेगा पाडतात. ही पद्धत जमली ती आधी गॅससाठी, टेक्सासच्या बार्नेट शेल नावाच्या थरात. तिथे १९८१ पासून विहिरी खणत होते पण स्वस्तात जमायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली, मग आडव्या विहिरी आल्या आणि सगळं पालटलं. तीच युक्ती नॉर्थ डकोटाच्या बाकेन नावाच्या थरांमधे तेलासाठी वापरली, आणि गंमत बघा, तिथल्या विहिरी मुख्यतः दोन शेल थरांच्या मधल्या डोलोमाइटी (चुनखडीच्या जातीच्या), गाळवट खडकात जातात. म्हणून जाणकार टाइट ऑइल, म्हणजे घट्ट दगडातलं तेल, म्हणतात आणि मला तेच बरोबर वाटतं, कारण नावाच्या घोळात आकडेही मिसळले जातात. कोलोरॅडोच्या पिसिअन्स खोऱ्यात सुमारे १.५ लाख कोटी बॅरल आहेत असं कुठे वाचलंत तर ते केरोजेनवालं, आज विहिरीतून निघणाऱ्या तेलात ते धरायचं नाही.

भारतात जानेवारी २०११ मधे पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळच्या विहिरीत शेलमधून गॅस निघाला. शेलमधला गॅस आणि तेल शोधायचं २०१३ चं धोरण आलं ते फक्त सरकारी कंपन्यांसाठी आणि तेही त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या ब्लॉकपुरतं, म्हणजे तेल-गॅस शोधायला नेमून दिलेल्या भूभागापुरतं, बाकीच्यांना आपल्या ब्लॉकमधे शेलमधला गॅस-तेल शोधायची परवानगी मिळाली थेट २०१८ ला, म्हणजे अमेरिकेतली लाट येऊन दहा वर्षं होत आली तेव्हा.