हरणांच्या शिकारीसाठी शॉटगनची काडतुसे

शॉटगनने, म्हणजे छर्रे किंवा एकच जड गोळी झाडणाऱ्या, सहसा गुळगुळीत नळीच्या बंदुकीने, हरणाची शिकार करताना जनावर लवकर आणि कमीत कमी यातना होऊन मरावे, यासाठी काडतुसाचा प्रकार, बंदुकीची नळी आणि अंतर यांची घालावी लागणारी सांगड. हा विषय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीशी निगडित आहे. इलिनॉय, आयोवा, ओहायो, इंडियाना ही मध्य-पश्चिमेकडील सपाट शेतीची राज्ये आणि मॅसॅच्युसेट्ससारखी दाट वस्तीची राज्ये, येथे हरणांसाठी रायफल वापरण्यास दीर्घकाळ बंदी होती. रायफलची चुकलेली गोळी काही किलोमीटर दूर जाऊ शकते. शॉटगनची जड गोळी लवकर वेग गमावते, हे त्यामागचे कारण. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासाने मात्र या समजुतीला मर्यादा घातली. जमिनीला समांतर झाडलेली शॉटगनची गोळी आपटून उसळली, तर तिचा धोका रायफलपेक्षा कमी असेलच असे नाही. पुढे ओहायोने २०१४ मध्ये सरळ, म्हणजे तोंडाकडे अरुंद न होणाऱ्या कवचाची काडतुसे वापरणाऱ्या रायफलींना आणि इलिनॉयने २०२३ मध्ये एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या रायफलींना ठरावीक अटींवर परवानगी दिली. तरीही लाखो शिकारी आजही शॉटगनच वापरतात.

बंदुकीचे माप ‘गेज’मध्ये सांगतात, आपल्याकडे त्यालाच बोअर म्हणतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिमी., तर वीस बोअरचा सुमारे १५.६ मिमी. हरणासाठी ही दोनच मापे खरी उपयोगाची. पक्ष्यांसाठी असलेले बारीक छर्रे हरणावर कधीही झाडू नयेत. ते कातडी आणि स्नायूंतच अडकतात, हरीण पळून जाते आणि जखमा चिघळून अनेक दिवसांनी मरते.

हरणासाठी वापरतात ते मोठे छर्रे म्हणजे ‘बकशॉट’. त्यांतला सर्वाधिक प्रचलित ‘डबल ऑट’ छर्रा ८.४ मिमी. व्यासाचा असतो आणि बारा बोअरच्या साध्या काडतुसात असे ९ छर्रे बसतात. भारतातील जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी असलेला एस. जी. छर्रा याच मापाचा, तर एल. जी. त्याहून थोडा मोठा. व्हर्जिनिया, कॅरोलिना या दक्षिणेकडील राज्यांत दाट झाडीतून आणि दलदलीतून कुत्र्यांनी उठवलेली हरणे धावत समोर येतात, तिथे बकशॉटची परंपरा आहे. पण हे काडतूस फसवे आहे. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून नेम धरण्याजोगी जागा जेमतेम २० सेंमी., म्हणजे ८ इंच व्यासाची असते. साधे बकशॉट दर यार्डाला ढोबळ मानाने एक इंच फाकते. तीस यार्डांवर नऊ छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात विखुरले, तर त्या आठ इंचांत एक-दोन छर्रे आले तरी नशीब. बाकीचे पोटात, मांडीत किंवा हवेत. घट्ट चोक (नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग) आणि छर्रे धरून ठेवणारा आधुनिक वॅड (काडतुसातील दारू व छर्रे यांच्यामधली गादी) यांनी हा फैलाव बराच आटोक्यात येतो. तरी पंचवीस-तीस यार्डांपलीकडे बकशॉट झाडणे म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची तयारी ठेवणे होय.

म्हणून बहुतेक ठिकाणी शिकारी ‘स्लग’ म्हणजे काडतुसातली एकच मोठी गोळी पसंत करतात. जर्मनीत व्हिल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये, तर अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये या गोळीचे आपापले नमुने तयार केले. फॉस्टर गोळी मागून पोकळ असते. वजन पुढच्या बाजूला राहिल्याने ती हवेत सरळ राहते. तिच्या अंगावरच्या तिरक्या रेषांमुळे ती नळीत फिरते असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्या रेषांचा मुख्य उपयोग गोळी चोकमधून सहज दबून बाहेर पडावी एवढाच. ब्रेनेके गोळी भरीव असून तिच्या मागे वॅड जोडलेला राहतो. लागल्यावर ती कमी चपटी होते पण खोल घुसते. या दोन्ही गोळ्या गुळगुळीत नळीसाठी आहेत. बारा बोअरची एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची फॉस्टर गोळी सेकंदाला सुमारे ४९० मीटर वेगाने सुटते आणि शंभर यार्डांवर तिचा वेग साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. पन्नास यार्डांवर नेम बसवलेला असेल, तर शंभरावर ती पाच-सहा इंच खाली जाते. नळीच्या टोकावरील साध्या मण्यावरून नेम धरल्यास तिची भरवशाची मर्यादा पंचाहत्तर यार्ड धरावी.

तिसरा प्रकार सॅबो गोळीचा. यात नळीपेक्षा लहान गोळी प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवलेली असते आणि नळीबाहेर पडताच वेष्टन गळून जाते. तिला आतून पेचदार खाचा असलेली नळीच लागते. गुळगुळीत नळीतून ती फिरत नाही आणि भरकटते. दुकानात सर्वांत महागडे खोके उचलून जुन्या गुळगुळीत बंदुकीत भरणारा शिकारी पैसे आणि हरीण दोन्ही गमावतो. योग्य नळी आणि दुर्बीण असल्यास १९ ग्रॅमच्या आसपासची सॅबो गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेग गाठते आणि सव्वाशे-दीडशे यार्डांपर्यंत विश्वासार्ह राहते. सॅबोमुळे वीस बोअरची बंदूकही बारा बोअरच्या जवळ आली आहे. तिचा धक्का कमी बसतो. हा लाभ लहान समजू नये: खांद्याला बसणाऱ्या दणक्याच्या धास्तीने चाप ओढतानाच डोळे मिटणाऱ्याचा नेम कोणतेही काडतूस वाचवू शकत नाही.

खोक्यावरचे आकडे कितीही चांगले असले तरी एकाच मापाच्या दोन नळ्या एकच काडतूस वेगवेगळे फेकतात. म्हणून हंगामाआधी दोन-तीन प्रकारची काडतुसे आणून, बंदूक नीट टेकवून, २५, ५० आणि ७५ यार्डांवर कागदावर झाडून पाहावीत. बकशॉटसाठी कागदावर आठ इंचांचे वर्तुळ काढून आत पडलेले छर्रे मोजावेत. ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या त्या वर्तुळात पडेनाशा होतात, त्याच्या अलीकडेच त्या शिकाऱ्याची मर्यादा संपते. मग समोर कितीही मोठ्या शिंगांचा नर उभा राहो. हरीण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तृतीयांशात नेम धरतात. समोरून किंवा मागून झाडणे टाळतात.

गोळी लागल्यावरचे वागणेही याच विषयाचा भाग आहे. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाची, गडद तांबडे यकृताची आणि हिरवट, दुर्गंधी असलेला स्राव पोटाची जखम दाखवतो. फुप्फुसाच्या जखमेतही निदान अर्धा तास थांबून माग काढतात. पोटात लागल्यास कित्येक तास थांबावे लागते, कारण घाईने उठवलेले हरीण दूर जाऊन हाती लागत नाही.

युरोपात दंडक अधिक कडक आहेत. जर्मनीच्या शिकार कायद्याने खुरांच्या मोठ्या वन्य जनावरांवर छर्रे झाडण्यास मनाई आहे, एकेरी गोळीला नाही. इंग्लंड-वेल्समध्ये हरणावर शॉटगन मुळात वर्ज्य असून पिकांच्या रक्षणासारख्या मोजक्या अपवादांतही बारा बोअरपेक्षा लहान बंदूक चालत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणांची शिकार गुन्हा आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या बारा बोअरच्या बंदुकीने सांबर वा भेकर मारण्याची मुभा मिळत नाही.

अलीकडे शिशाचा प्रश्न पुढे आला आहे. शिशाचे कण मांसात, तसेच जंगलात टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाणारी गिधाडे व गरुड विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांच्या रक्षणासाठी १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या काडतुसांवर बंदी आणली. मिनेसोटातील २००८ च्या चाचण्यांत जलद फुटणाऱ्या रायफल गोळ्यांपेक्षा शॉटगनच्या स्लगने कमी कण सोडले, पण सोडलेच. तांब्याच्या सॅबो गोळ्या हा त्यावरचा उपलब्ध पर्याय आहे. शिसे वापरलेच, तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना ते खाऊ घालू नये.