बेळगाव सीमाभागातील अन्न, दैनंदिन व्यवहार आणि कामाची संस्कृती

बेळगाव सीमाभाग म्हणजे कर्नाटकाच्या वायव्येकडील बेळगाव जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांना आणि गोव्याला लागून असलेला, मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा वावर असलेला पट्टा. २०१४ पासून शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ असे असले, तरी मराठी बोलण्यालिहिण्यात ‘बेळगाव’ हेच नाव चालते. मराठीत ‘सीमाभाग’ हा शब्द मुख्यतः राजकीय अर्थाने रूढ झाला असून कारवार, सुपे, हल्याळ, भालकी हे मुलूखही त्यात मोजले जातात. प्रस्तुत नोंदीत बेळगाव शहर, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि अथणी एवढाच टापू घेतला आहे. येथील ताट, घराचे वळण आणि कामाची जागा यांवर भाषेचा ठसा किती आणि पावसाचा, धंद्याचा व कायद्याचा किती, हा तिचा विषय होय.

राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. मराठीबहुल भाग महाराष्ट्रात यावा या मागणीतून उभ्या राहिलेल्या सीमावादावर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि याच वादाचा २००४ मध्ये दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७.८ लाख असून त्यांत कन्नड भाषक सुमारे ६८ टक्के, मराठी सुमारे १९ टक्के आणि उर्दू जवळपास १० टक्के आहेत. हे आकडे संपूर्ण जिल्ह्याचे आहेत. खानापूर तालुक्यात, निपाणी परिसरात आणि बेळगाव शहराच्या पश्चिमेकडील खेड्यांत मराठीचे प्रमाण याहून पुष्कळ जास्त आहे, तर पूर्वेकडे ते झपाट्याने उतरते.

अन्नाची विभागणी मात्र या आकड्यांप्रमाणे होत नाही, ती पावसाप्रमाणे होते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईही याच तालुक्यातून निघून गोव्यात उतरते. या भागात भात हेच मुख्य पीक आणि मुख्य जेवण. जोडीला नाचणी, कुळीथ आणि चोर्ला घाटातून वर येणारी गोव्याची मासळी असते. बेळगाव शहराभोवतीची शिवारे सुवासिक तांदळासाठी प्रसिद्ध असून ‘बेळगाव बासमती’ हे नाव त्यांतूनच पुढे आले. पूर्वेला अथणीकडे जावे तसा पाऊस घटत जातो, भाताची खाचरे संपतात आणि काळ्या रानात शाळू दिसू लागतो. तेथे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, भरली वांगी आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी पातळ कडक भाकरी हे जेवण आहे; कन्नड घरात तिला ‘रोट्टी’ म्हणतात एवढाच फरक. खानापूरच्या मराठी माणसाचे ताट अथणीच्या मराठी माणसापेक्षा शेजारच्या कन्नड किंवा कोकणी माणसाच्या ताटाशी अधिक जुळते. भाषेवरून खाद्यसंस्कृती ठरते असे सरसकट विधान करणाऱ्याने खानापूर ते अथणी हा प्रवास एकदा जेवणाच्या वेळी करावा.

तिखटाचा व्यवहारही असाच दुतर्फा आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून ठेवण्याची पद्धत कोल्हापूरप्रमाणे येथेही पाळली जाते. तिच्यात रंगासाठी हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची घालतात आणि चव व तिखटपणा संकेश्वरी मिरचीचा असतो. संकेश्वर हे गाव हुक्केरी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात आहे. पण त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरचीची मोठी उलाढाल महाराष्ट्रातील गडहिंग्लजच्या बाजारात होते. ही मिरची ‘जवारी’ असल्याचे विकणारा आवर्जून सांगतो. पुण्याकडे ज्याला ‘गावठी’ म्हणतात त्याला येथे आणि कोल्हापुरातही ‘जवारी’ म्हणतात, आणि हा शब्द कन्नडमध्येही त्याच अर्थाने चालतो. कोंबडी, कोथिंबीर, काकडी, सगळे जवारीच चांगले मानले जाते.

सणाच्या पदार्थांत पुरणपोळी दोन्ही घरांत असते. मराठी घरात तिच्याबरोबर कटाची आमटी किंवा गुळवणी, कन्नड घरात होळिगेबरोबर कटाचेच सार. पुरण भरून उकडलेल्या किंवा तळलेल्या कडबूला तर दोन्हीकडे एकच नाव आहे. बेळगावची खरी मिरास मात्र मांडे ही होय. भिजवून मळून सैल केलेली कणीक हातावर नाचवत पातळ करायची, उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायची आणि ती कडक होण्याआधी तिच्यात पिठीसाखर, खवा, तूप, वेलची घालून चौकोनी घडी करायची, हे काम घरोघरी जमणारे नाही. त्यासाठी मांडे करणाऱ्या बायका बोलवाव्या लागतात किंवा दुकानात आगाऊ सांगावे लागते. लग्नात रुखवतावर मांडे असण्याची चाल येथे अजून टिकून आहे. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आणि ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत; प्रत्यक्ष असा मांडा पाहिलेली माणसे मात्र बेळगावच्या बाहेर थोडीच भेटतात. दूध आटवून, साखर घालून, तांबूस होईपर्यंत घोटलेला रवाळ कुंदा ही शहराची दुसरी ओळख. पाहुण्याने परत जाताना तो न्यायचाच असतो. कुंद्याची जन्मकथा दुकानागणिक बदलते, त्यामुळे ती येथे देण्यात अर्थ नाही. गूळ, डिंक आणि सुकामेवा यांचे गोकाकचे करदंट हा बाळंतिणीच्या खुराकातून बाजारात गेल्यासारखा दिसणारा तिसरा पदार्थ.

शाकाहार आणि मांसाहार यांची सीमाही भाषेची नसून पंथाची आहे. लिंगायत व जैन कुटुंबांची मोठी वस्ती असल्यामुळे शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत. जैन शेतकरी निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत मोठ्या संख्येने असून त्यांच्यात मराठी बोलणारेही आहेत आणि कन्नड बोलणारेही. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि चातुर्मासात कंदमुळे वर्ज्य, हे नियम दोघेही सारखेच पाळतात. मराठा आणि बहुजन घरांत रविवार-बुधवारचा रस्सा कोल्हापुरी वळणाचा असतो. ‘खाणावळ’ हा मराठी शब्द ‘खानावळी’ या रूपाने उत्तर कर्नाटकात इतका रुळला आहे की हुबळी-धारवाडकडच्या पाट्यांवर तो कन्नड लिपीत सर्रास आढळतो. याच्या उलट ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अण्णा’, ‘अक्का’ हे शब्द मराठीने कन्नडकडून घेतले, असे भाषाअभ्यासक सामान्यतः मानतात.

बोलणे व घरगुती वळण. येथील मराठीचे व्याकरणच शेजाराने घडलेले आहे. ‘काय करतोयस?’ याऐवजी ‘काय करायलास?’ असे म्हटले जाते; धारवाडी कन्नडमधील ‘माडाकत्ती’ या रूपाची रचना हीच आहे. स्त्रियाही ‘मी येतो’, ‘मी करतो’ असे म्हणतात, आणि त्यामुळे पुण्यामुंबईत शिकायला गेलेल्या मुलींची थट्टा होते. आदरार्थी ‘कवा आलासा?’, ‘जेवलासा काय?’ ही रूपे कोल्हापूरशी सामाईक आहेत. भेटल्यावर ख्यालीखुशाली विचारण्याआधी ‘जेवण झालं काय?’ असे विचारले जाते, त्याला कन्नडमध्ये ‘ऊट आतेन री?’ असा तंतोतंत जोड आहे. दोन्हींचे उत्तर ‘झालं’ असेच द्यायचे असते, झालेले नसले तरी.

सोयरिकी १९५६ ची रेघ मानत नाहीत. चंदगड, गडहिंग्लज, आजरा या महाराष्ट्रातील तालुक्यांशी बेळगाव-खानापूरच्या मराठी कुटुंबांचे लेकी देण्याघेण्याचे संबंध पूर्वापार आहेत, आणि चंदगडच्या माणसाला बस्ता बांधायला, दवाखान्याला किंवा यंत्राचा सुटा भाग आणायला कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ पडते. सणांचे कॅलेंडर मात्र काही ठिकाणी दुहेरी आहे. बैलांचा सण कन्नड मुलखात ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी म्हणून होतो. सीमेवरच्या मराठी गावांत त्याला ‘कर्नाटकी बेंदूर’ म्हणतात आणि आषाढातल्या सणाला ‘महाराष्ट्री बेंदूर’. बैल अर्थातच दोन्हींना सजतात. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेच्या तिथीप्रमाणे होते आणि तिच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला आजूबाजूची खेडी रात्रभर लोटतात. सौंदत्तीची यल्लम्मा ही दोन्ही भाषकांची देवता. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूरकडून निघालेले भाविक येथल्या गावांतून जातात, डोंगरावर चूल मांडून नैवेद्य रांधतात आणि परडी भरतात.

कामाची जागा. येथील औद्योगिक परंपरा जुनी आहे. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करणारा त्यांचा कारखाना जागा सोडावी लागल्याने १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोडला गेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. कारखाना गेला, पण लोखंडाचे काम शहरात राहिले. उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील ओतशाळा, यंत्रशाळा आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने यांत आजूबाजूच्या मराठी व कन्नड खेड्यांतले तरुण एकत्र काम करतात. यंत्रावरची भाषा मिश्र असते: मापे व सुटे भाग इंग्रजी शब्दांत, सूचना समोरच्याला समजेल त्या भाषेत आणि परप्रांतीय कामगार असेल तर हिंदीत. संबोधने पदापेक्षा वयावर चालतात. जुन्या कारागिराला पर्यवेक्षकही ‘अण्णा’ किंवा ‘मामा’ म्हणतो. खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून, हार घालून पूजतात व दारात कोहळा फोडतात. कन्नडमध्ये तो दिवस आयुधपूजा. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम कोणत्याही लेखी नियमापेक्षा काटेकोर पाळला जातो.

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत कामाची जागा म्हणजे घरच. पूर्वी सांगली संस्थानात असलेल्या शहापूरच्या साड्यांना दूरवर बाजार होता. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले, तरी पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि कांड्या भरणाऱ्या बायका-मुले ही मांडणी बदलली नाही. जेवणाची वेळ घड्याळापेक्षा ताण्यावर ठरते. चामड्याच्या धंद्यातही असेच घर चालते. ‘कोल्हापुरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांचा मोठा भाग अथणी तालुक्यात तयार होतो. कातडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावायचे, पुरुषांनी तळ कापायचे, बायकांनी शिवण व वेणी घालायची, अशी वाटणी ठरलेली आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे एकत्र आले, ही दोन राज्यांमधली दुर्मीळ सहमती म्हणावी लागेल.

निपाणीचे स्वरूप वेगळे आहे, कारण तेथे गावाचे सगळे जगणे तंबाखूने बांधले होते. वखारीत तंबाखू कुटणे-चाळणे हे बहुतांशी बायकांचे काम. धुळीने खोकला आणि अंगाला वास, आणि मजुरी तुटपुंजी. विड्या वळणे घरी चालते: मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत. मजुरी हजार विड्यांमागे असल्याने स्वयंपाक, मुले आणि शेजारणीशी गप्पा हे सारे त्या हजाराच्या हिशेबात बसवावे लागते. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, पण घरबसल्या कामगार बाईला त्याचा लाभ मिळवायला संघटना करावी लागली, आणि ती निपाणीत झाली. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये येथे झालेले आंदोलन शेतकरी चळवळीच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. मराठी आणि कन्नड शेतकरी त्या रस्त्यावर एकत्र बसले होते, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या लिखाणात सहसा येत नाही.

भाषेचा प्रश्न कामाच्या जागेत खऱ्या अर्थाने शिरतो तो सरकारी कचेरीत. राज्यकारभार कन्नडमधून चालतो. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाची सरकारी पत्रके त्यांच्या भाषेतही मिळावीत, हे तत्त्व राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले असून त्याच्या अंमलबजावणीची मागणी मराठी संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. १ नोव्हेंबर हा दिवस राज्योत्सवाची सुट्टी आणि हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन अशा दोन्ही अर्थांनी येतो. खासगी कचेऱ्यांत त्याच्या आदल्या-पुढल्या दिवशी या विषयावर बोलणे टाळण्याचा अलिखित शिष्टाचार आहे. जमिनीच्या कागदांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. पहाणीपत्रक कन्नड लिपीत येते आणि मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला ते वाचता येत नाही. पण जुन्या मुंबई इलाख्याचा वारसा म्हणून त्याला कन्नड शेतकरीही ‘उतारा’च म्हणतो, आणि कोणी मोठ्याने वाचून दाखवले की त्यातले पहाणी, खाते, तहसीलदार हे शब्द ऐकणाऱ्याला आपल्या आजोबांच्या तोंडून आलेले असतात.